वीस मीटर

टोरांटोहून मृणालचा फोन : तू जवळ आहेस, तूच बघ.
जवळ म्हणजे लीड्सहून पाऊण तास.
बघ म्हणजे काय, ते दोघांनीही उच्चारलं नाही.

म्हणून शनिवारी भाजीचं निमित्त काढून
शरयूआत्याच्या डावीकडे बसलो,
पट्टा लावला,
चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही असं ठरवून.

हॅलिफॅक्सचे रस्ते म्हणजे चढ, नाहीतर उतार,
अधलंमधलं काही नाही.
ह्याच रस्त्यांवर अडतीस वर्षं
तिनं रात्री-अपरात्री गाडी काढली.
डिकीत फावडं, मागच्या सीटवर वजनकाटा,
आणि पुढं कुठल्या तरी घरात
कळा सोसणारी बाई.
एकदा बर्फात गाडी सोडून
शेवटचा मैल चालत गेली.
ते मूल आता पंचेचाळिशीचं, पोस्टात आहे,
अजून तिला हात करतं.

मी मनात टिपून घेत होतो.
आरसा पाहिला : हो.
इंडिकेटर : दिला, पण वळून झाल्यावरही
टिकटिकत राहिला बेकरीपासून पेट्रोलपंपापर्यंत.
राउंडअबाउटला थांबली. थांबूनच राहिली.
मागच्यानं हॉर्न दिला तर म्हणाली,
"ह्याला कुठं बाळंत व्हायचंय?"
मी हसलो. हसताना ध्यानात आलं
की माझा उजवा पाय
मघापासून नसलेला ब्रेक दाबतोय.

डोळ्यांत तेल घालून बसलो होतो मी,
तिच्या डोळ्यांत सकाळचे थेंब.

मला गाडी हिनंच शिकवली.
सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात, रविवारी,
तेव्हा दुकानं बंद असत.
क्लच सोडताना म्हणायची,
हळू, बाळाचं डोकं बाहेर येतंय असं समज.
घरातल्या साऱ्या मुलांना वळण लावलं हिनं,
मला तर रिव्हर्समध्येसुद्धा.

येताना बोलली नाही.
फाटकाच्या दगडी खांबावर
चंदेरी रेघ होती, मायक्राच्या रंगाची,
मायक्राच्याच उंचीवर.
मी तिकडं पाहिलं.
तिनं मला पाहताना पाहिलं.

इंजिन बंद करून म्हणाली,
"चल, घे परीक्षा. वीस मीटरवरून नंबर वाचायचा ना?
कायदा मलाही ठाऊक आहे."
फाटकापाशी पाय जुळवून उभी राहिली,
समोर हॅल्सॉलबाईंच्या दारातल्या गाडीकडे तोंड करून,
आणि खणखणीत, एका दमात :
वाय जे शून्य सहा, के एफ टी.

ती त्यांची जुनी, निळी गाडी.
मार्चमध्ये भंगारात गेली.
समोर उभी होती ती लाल,
तिच्या नंबरात सहा नव्हताच.

पाठ होता तिला.
जसे पाठ आहेत सगळे चढ, एकेक खांब,
कुठल्या बोळातून कुत्रं आडवं येतं ते.
म्हणजे आज सकाळभर
ती बहुधा आठवणीतल्या हॅलिफॅक्समधून गाडी चालवत होती,
आणि आजची माणसं, आमचं नशीब,
जुन्याच जागी उभी होती.

"किती?" तिनं विचारलं.
आयुष्यभर हेच तर विचारत आली :
किती सेंटिमीटर, किती मिनिटांनी, वजन किती.
उत्तर गोड करून सांगणाऱ्यांचा तिला राग.

मी पिशव्या उतरवल्या. दुधी, कोथिंबीर,
तिला नको असलेली बिस्किटं.
म्हणालो, "आत चल, मी चहा टाकतो."

"म्हणजे नापास," ती म्हणाली.
किल्ली पर्समध्ये टाकली
आणि चेन ओढली, पार टोकापर्यंत.

चहात साखर पडली नव्हती. दोघंही तसाच प्यायलो.

निघताना खिशात फोन थरथरत होता, मृणालच.
तो तसाच ठेवून
मी फाटकापाशी उभा राहिलो, तिच्याच जागी,
आणि त्या लाल गाडीचा नंबर वाचून पाहिला.
डोळे थोडे बारीक करावे लागले.